पश्चिम किनारा वगळून

जेराल्डिन,
१२ सप्टेंबर २०१८

प्रिय इझी,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पाकिटावरचं अक्षर ओळखून नोएलीनने ते माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "आधी चहा घे, मग उघड." साडेतीन वर्षांनी आलेलं पत्र समोर असताना चहा कसला घशाखाली उतरतोय!

आमचं इथलं बरं चाललंय. जॉक मॅकरेच्या मेंढ्यांना यंदा तिळी कोकरं फार झाली. आईने टाकलेली दोन आमच्या स्वयंपाकघरात शेगडीपाशी खोक्यात आहेत, त्यांना चार चार तासांनी बाटलीने दूध पाजावं लागतं. गेल्या आठवड्यात गरम वारा सुटला आणि शेडचे दोन पत्रे उडून गेले. ते बसवताना माझा उजवा गुडघा पुन्हा बोलू लागला. शिडीवर चढायचं वय राहिलं नाही, हे नोएलीन दिवसातून तीनदा सांगते.

तू फोटोग्राफी शिकतेस हे वाचून नवल वाटलं. लहानपणी बाबा कॅमेरा काढायचे तेव्हा तूच पळून न्हाणीघरात लपायचीस. फांगानुईच्या क्लबातल्या म्हाताऱ्यांमध्ये सगळ्यात चांगला फोटो तुझा आला म्हणतेस. येणारच. तुला लहानपणापासून एका जागी गप्प उभं राहता येतं. मला कधीच आलं नाही.

तर तू सांगितल्याप्रमाणे दक्षिण बेटाच्या दोन आठवड्यांचा आराखडा केला आहे. नकाशा सोबत आहे, लाल शाईने रेघ मारली आहे.

२४ नोव्हेंबरला, शनिवारी, वेलिंग्टनहून सकाळची बोट घे. पिक्टनला उतरलीस की थेट कायकोउरा. भूकंपानंतर तो रस्ता नव्याने बांधलाय. समुद्राचा तळ वर आलाय तिथे, पूर्वी पाण्याखाली असलेले खडक आता उघड्यावर उन्हात पांढरे पडले आहेत. मागे बर्फाचे डोंगर, पुढे सील. दोन्ही एका चौकटीत हवं असेल तर पहाटेच जा, नऊनंतर धुरकट होतं. तिथून आमच्याकडे दोन दिवस. मग टेकापो. लुपिनची फुलं तेव्हा अगदी भरात असतील, आणि पर्यटकही. फुलं तण आहेत, पर्यटकांबद्दल जॉकचं मत मी लिहीत नाही. मग आओराकीच्या पायथ्याशी तीन रात्री, कारण तिथे ढग दोन दिवस तरी डोंगर दाखवत नाही. पुढे लिंडिस खिंड. नुसतं पिवळं गवत, एक झाड नाही. दुपारी तिथे काही नसतं, पण ऊन कललं की डोंगरांना घड्या पडतात, आणि बघत राहावं असं होतं. मग ते आनाऊ, मिलफर्ड. तिथे पाऊस असला तर कुरकुरू नकोस, पाऊस असला की कड्यांवरून शंभर धबधबे सुटतात. परतताना कॅटलिन्स, डनीडिन, आणि घरी.

एकाच बेटावर वाळवंटासारखा माळ, बर्फ, जंगल आणि समुद्र, सगळं दोन आठवड्यांत होतं. पश्चिम किनारा वगळला आहे. तिकडे त्या दिवसांत पाऊस फार, चावऱ्या माश्या त्याहून जास्त, आणि रस्ता लांबचा.

तू लिहिलं आहेस, "किर्स्टीने जे पाहिलं ते मला पाहायचंय." आणि पुढे, "ती मुळातच कुणाचं ऐकायची नाही, तिला मीच तसं वाढवलं." त्याबद्दल भेटीत बोलू.

ट्रायपॉड जड घे. हलका वाऱ्यात थरथरतो.

तुझा,
ग्रेम


जेराल्डिन,
१४ ऑक्टोबर

प्रिय इझी,

नकाशा परत मिळाला. माझ्या लाल रेघेवर तू पेन्सिलने दुसरी रेघ मारली आहेस. वानाकाहून हास्ट खिंड ओलांडून पश्चिमेला, आणि कॅरिक पॉइंटपाशी एक गोल. बाजूला लिहिलं आहेस, "हे का नाही? मी पावसाने विरघळत नाही."

दोन आठवडे उत्तर दिलं नाही. चार वेळा लिहायला बसलो. एकात रस्त्यावर दरड कोसळलीय असं लिहिलं होतं, एकात तिथली खानावळ बंद झालीय असं. नोएलीनने कचऱ्याच्या टोपलीतून ते कागद काढून वाचले. मी शेडमध्ये होतो तिथे आली आणि म्हणाली, "ग्रेम, त्या पोरीच्या माथी दोष अजून किती दिवस मारणार आहेस?"

मी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?"

"साडेतीन वर्षं तुझी उडालेली झोप शेजारून बघते मी," ती म्हणाली. "सांगायला कोणी कशाला हवं? लिही तिला."

म्हणून लिहितो आहे. सरळ लिहितो. वाचून झाल्यावर हे पत्र जाळलंस तरी चालेल, पण आधी पूर्ण वाच.

त्या मार्चमध्ये माझ्या फोटो-सहलीच्या गटात सहा जण होते आणि किर्स्टी. ती भाची म्हणून फुकट आली होती आणि त्याची परतफेड म्हणून सगळ्यांच्या बॅगा उचलत होती. इस्पितळात चार रात्रपाळ्या करून आली होती, तरी सगळ्यांच्या आधी उठायची. कॅरिक पॉइंटला आम्ही सकाळी साडेसातला पोचलो. भरती चढत होती. आदल्या दिवशीच्या अंदाजात लाटा मोठ्या असतील असं होतं. ते मी वाचलं होतं, इझी. गटाला वाचूनही दाखवलं होतं.

बाकीचे सहा जण वर गवतावर ट्रायपॉड लावत होते. वारा एवढा होता की चार हातांवरचं बोलणं ऐकू येत नव्हतं. किर्स्टी खाली सपाट खडकावर होती, कोरड्या भागात. जिथे उभं राहावं तिथेच उभी होती. तिने मला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवला आणि विचारलं, "मामा, कसा आहे?"

फोटो सपाट होता. पुढे काहीच नव्हतं, नुसतं पाणी आणि लांब समुद्रातून वर आलेला तो सुळका. मी म्हटलं, "अजून तीन-चार पावलं पुढे जा. त्या ओल्या खडकापर्यंत. लाट मागे फिरताना तिथे फेसाच्या रेघा पडतात, त्या पुढे घे. मग जीव येईल त्यात."

ती म्हणाली, "मामा, ओलं आहे ते."

या किनाऱ्यावर शाळेतल्या पोराला कळतं की खडक ओला आहे म्हणजे लाट तिथपर्यंत येते. ती मला तेच सांगत होती. आणि मी काय म्हटलं? "रबरी तळव्याचे बूट घातलेस ना? दोन मिनिटांचं काम. घाबरट कुठली."

ती हसली आणि गेली. मी सांगितलं म्हणून गेली.

मी वर गवताच्या कडेला परतलो आणि तिथून हाताने पुढे हो अशी खूण केली. पहिल्या दोन लाटा लहान होत्या. तिने मान वळवून अंगठा वर केला, म्हणजे फोटो मिळाला होता. तिसरी लाट आली ती मी पाहिली आणि ओरडलो, पण वाऱ्यात ते मलाच ऐकू आलं नाही. लाट ओसरली तेव्हा खडकावर कोणी नव्हतं. ट्रायपॉडचा एक पाय फटीत अडकून उभा होता. मी गाडीतला दोर फेकला. तिचं डोकं दोनदा दिसलं. मी पाण्यात उतरलो नाही. गटातल्या दोघांनी मला धरलं होतं, असं मी तुला तेव्हा सांगितलं. ते खरं आहे. पण त्यांनी धरण्याआधी मी काही क्षण मोकळाच उभा होतो, हेही खरं आहे.

दुपारी पोलीस आले. चांगला माणूस होता, मला चहा दिला. लिहिता लिहिता त्याने विचारलं, "पुढे जाऊ नका असं तुम्ही त्यांना सांगितलं होतंत ना?" प्रश्न असाच विचारला, 'ना' लावून. मी "हो" म्हणालो.

एवढंच, इझी. त्या एका 'हो'वर सगळं उभं राहिलं. चौकशीत मी तेच सांगितलं. अहवालात "सूचनेकडे दुर्लक्ष" असं आलं. वर्तमानपत्राने ते मथळ्यात घेतलं. तू दफनाच्या दिवशी माझ्याशी बोलली नाहीस, कारण मी तिला धरून का ठेवलं नाही असं तुला वाटत होतं. मला ते सोपं वाटलं. धरून न ठेवणाऱ्या माणसाला लोक कधीतरी माफ करतात.

खरं का नाही सांगितलं? परवाना गेला असता. सहली बंद झाल्या असत्या. नुकतीच नवी गाडी घेतली होती. नंतर रोज एकेक दिवस उशीर होत गेला आणि मग सांगायची वेळ निघून गेली, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यानंतर प्रत्येक गटाला ओल्या खडकाबद्दल मी अर्धा अर्धा तास समजावतो. लोक म्हणतात, किती काळजी घेतो हा माणूस.

ती कुणाचं ऐकायची नाही, असं तू लिहिलंस. ते वाक्य मी शेडमध्ये नेऊन किती वेळा वाचलं, सांगता येणार नाही. तिने ऐकलं. माझं ऐकलं म्हणूनच गेली. तिला तू चांगलंच वाढवलं होतंस.

तुझा,
ग्रेम


जेराल्डिन,
१८ नोव्हेंबर

इझी,

तुझा फोन येऊन आज तीन आठवडे झाले. तू काय काय म्हणालीस ते मी कुणालाही सांगितलं नाही, नोएलीनलाही नाही. फक्त एक वाक्य सारखं कानात आहे, "माझ्या मेलेल्या मुलीला साडेतीन वर्षं मी मूर्ख म्हणत आले, ग्रेम, तिच्या थडग्यापाशी उभी राहून म्हणत आले." आणि फोन ठेवण्याआधी म्हणालीस, "मला नको सांगूस. ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना जाऊन सांग."

सांगितलं. दुसऱ्याच दिवशी टिमारूला गेलो. ठाण्यातली अधिकारी तरुण होती, तिला ते प्रकरण आठवायचं कारण नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं, मग पेन खाली ठेवून विचारलं, "आता का आलात?" मी म्हटलं, "बहिणीने पाठवलं." तिने तेसुद्धा लिहून घेतलं. नवा जबाब वरती गेला आहे. चौकशी पुन्हा उघडायची की नाही, माझ्यावर खटला भरायचा की नाही, ते कळायला महिने लागतील असं ती म्हणाली. वकील करा, असंही म्हणाली.

सहली मी आपणहून बंद केल्या. त्या गटातल्या सहाही जणांना पत्रं पाठवली. एकाच बाईचं उत्तर आलं, डनीडिनच्या. तिने लिहिलंय की तेव्हा वाऱ्यातही तिला वाटलं होतं, मी किर्स्टीला पुढे हो अशी खूण करतो आहे. पण मामा असं कसं करेल म्हणून तिने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. ते पत्र मी ठाण्यात दिलं.

जॉक मॅकरे मेंढ्यांच्या कुंपणापाशी भेटला. एरवी अर्धा तास हलत नाही. या वेळी टोपीला हात लावून पुढे गेला. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. नोएलीन जेवायला वाढते, शेजारी बसते, पण जुन्या गोष्टी काढत नाही. परवा एवढंच म्हणाली, "मीही विचारलं नाही. माझाही भाग आहे त्यात."

तुझी चिठ्ठी काल आली. सहल रद्द करायची नाही. आमच्याकडे राहायचं नाही. नोएलीनला भेटायचं, ते बाहेर. आणि ती जागा मी दाखवायची. तुझी गाडी तू चालवणार, माझी मी, आणि वाटेत भेटायचं नाही. सगळं मान्य.

सोमवारी, ३ डिसेंबरला, ओहोटी अकराच्या सुमारास आहे. मी दहाला कॅरिक पॉइंटच्या वाहनतळावर असेन, निळ्या गाडीपाशी. लाटांचा अंदाज आदल्या दिवशी फोनवर कळवतो. जास्त असल्या तर मंगळवारी जायचं, आणि हे तुझ्यावर सोडत नाही, राग आला तरी. वर गवतावरून तो खडक पूर्ण दिसतो. ती कोरड्या जागी कुठे उभी होती ते दाखवेन, लाट आली तेव्हा ती कुठे होती आणि मी कुठे होतो ते दाखवेन, आणि मध्ये किती पावलं आहेत तेही. मी मोजायला गेलो होतो. एकवीस आहेत. एकवीस पावलं चालून गेलो असतो तर तिचा हात धरता आला असता.

तिथे तुला फोटो काढायचा असेल तर मी बाजूला होईन. माझ्यावर ओरडायचं असेल तर ओरड, तिथे आजूबाजूला घर नाही. काहीच करायचं नसेल, नुसतं उभं राहायचं असेल, तरी तू सांगेपर्यंत मी निघणार नाही.

जन्मभर तुला पत्र लिहिताना शेवटी 'तुझा' लिहीत आलो. आज तो शब्द लिहायचा हक्क मला नाही. तो परत द्यायचा की नाही, हे तू ठरव. घाई नाही.

ग्रेम