अंदाजाची सायकल

श्कोदर, मे अखेर

प्रिय लिंदिता,

फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. "आई, जेवलात का? आई, औषध घेतलं का?" एवढं झालं की एराला पुढे करतेस. एरा म्हणते, "आजी, मी मजेत," आणि पडदा काळा होतो. म्हणून आज कागद घेऊन बसले. कागदाला मध्येच तोडता येत नाही. हात धुतलेत, तरी ग्रीसचे ठसे उमटलेच आहेत. तुला त्या वासाने मळमळतं हे मला माहीत आहे, तर पत्र जरा लांब धरून वाच.

इकडचं सगळं ठीक. द्राक्षाच्या वेलाला घोस लागायला लागलेत आणि मांडवाखाली नेहमीसारखी चाकं टांगलेली आहेत, त्यामुळे येणाऱ्याच्या डोक्याला आधी चाक लागतं आणि मग पान. एराची सायकल तिथेच आहे. दर ऑगस्टला तुम्ही बर्गामोहून यायच्या आत मी ती थोडी वाढवून ठेवायची, आठवतंय ना? आधी सीटचा दांडा लांब केला, मग पुढचा चिमटा बदलून मोठी चाकं बसवली, मग हँडल उंच केलं. दोन ऑगस्ट झाले, तुम्ही आला नाहीत. एकदा तुला रजा मिळाली नाही, एकदा एराच्या दातांना तारा बसवायच्या होत्या. सगळी उमर तारांच्या कारखान्यात काढली, तारांचंच अडलं असतं तर मी घरी बसवून दिल्या असत्या.

आता ती फ्रेमच संपली. त्यातून आणखी उंची निघणार नाही, म्हणून हिवाळ्यात नवी सायकल जुळवायला घेतली. फ्रेम एका इटालियन सायकलची, मागून मोडलेली, ती डाग देऊन सांधली. पुढचं चाक जुन्या चिनी सायकलचं. त्याच्या रिमला एवढी आउट होती की फिरवलं की चाक नाचायचं, आऱ्या एकेक करून आवळत सरळ केलं. बेअरिंगचे छर्रे टोनिनने दिले. शेजारी राहतो म्हणून देतो आणि देतो म्हणून बोलतो. कुंपणावरून रोज त्याचं एकच चालू: "द्रांदे, नात काही येत नाही, सायकल मात्र वाढतेय. अजून दोन वर्षं थांब, तिची बस होईल." मी म्हटलं, "झाली तर तुला कंडक्टर ठेवीन, तोंड तर तसंच आहे." तो हसला. मी पण हसले, आणि घरात जाऊन उगाच भांडी घासली.

कारण तो बोलला त्यात तथ्य आहे. घरी केलेली सायकल माणूस समोर उभा करून करायची असते. एराच्या वयाची म्हणून टोनिनच्या नातीला मी बसवून पाहिलं. तिला सायकल अगदी बेतल्यासारखी झाली. पण एरा तुझ्यावर गेलीय, तिचं सगळं पायातच आहे. दोनदा सीट वर घेतली, दोनदा खाली केली. शेवटी पाना ठेवून दिला आणि पायरीवर बसून राहिले. माझ्या नातीचे पाय केवढे झालेत हे मला माहीत नाही, लिंदिता. आणखी दोन वर्षं अशीच गेली तर ती भर रस्त्यात समोरून गेली तरी मी ओळखणार नाही, याची मला भीती वाटते.

तू नवरी होऊन पहिल्यांदा आलीस तेव्हाचं परवा आठवत होते. डोंगरातली पोर, खेचरावर बसायची सवय, आणि या गावात तर पाद्रीसुद्धा सायकलवरून फिरतो. माझ्या पिएरिनची मर्दाची सायकल तुला चालवता येईना, म्हणून मी तिची मधली नळी कापून खाली वाकवून बसवली. पहिल्याच दिवशी तू कोबीवाल्याच्या ढिगात गेलीस. तो ओरडायला लागला तर ढिगातूनच म्हणालीस, "ओरडतोस काय, कोबी तुझेच आहेत, मी काही घेतलेलं नाही." त्या दिवशी मला कळलं की या घरात आता मला सोबत मिळाली. मग एरा पोटात होती तेव्हा सगळा मोहल्ला तुला सायकलवरून उतरवायला निघाला होता. तू म्हणालीस, चालताना पाय दुखतात, सायकलवर नाही. मी गुपचूप हँडल उलटं फिरवून मागे घेतलं आणि उंच केलं, पोटाला जागा झाली. बाईने मान ताठ ठेवून सायकलीवर बसावं तसं बसून तू रविवारी चर्चला आलीस आणि मी मागून येत होते. मला तुझा फार अभिमान वाटला होता. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

ती सायकल अजून आहे. चाकांत हवा भरते, चेनला तेल देते. टोनिनच्या बायकोने एकदा विचारलं, "सून गेली, आता ती कशाला ठेवलीस? आणि घटस्फोट झाल्यावर सून कसली?" मी तिला बुरेकचा तुकडा वाढला, म्हणजे तोंड बंद राहील. पण उत्तर मनात होतं, ते तुला देते. पिएरिन माझा मुलगा आहे. रविवारी जर्मनीहून फोन करतो, त्याच्या तिथल्या बाईबद्दल सांगतो, मी ऐकते. त्याला मी टाकलेलं नाही. पण त्याने तुला सोडलं म्हणून मीही सोडावं, असा कागद कुठल्या कोर्टाने काढलेला नाही.

आता खरं काय ते. ईस्टरला तू एराचा फोटो पाठवलास. नवी मोठी सायकल, नवं जाकीट, पाय जमिनीला न टेकलेले. फोटो एका बाजूने कापलेला होता. कापताना तू चेहरा काढलास, खांदा काढलास, पण सीट धरलेला हात राहून गेला. पुरुषाचा हात, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. आधी मला राग आला, माझ्यापासून लपवलंस म्हणून. मग मी फोटो मोठा करून सीट पाहिली. पॅडल खाली गेलंय आणि एराचा गुडघा जेमतेम वाकलाय, म्हणजे उंची अगदी बरोबर. ही सीट तू लावलेली नाहीस. तू लावलीस तर पोरीचे गुडघे हनुवटीला लागतात. कुणीतरी तिला बसवलं असेल, उतरवलं असेल, पुन्हा बसवलं असेल, घाई न करता. दुसऱ्याच्या मुलीसाठी. माझा राग तिथेच गेला. परवा एरा फोनवर "आम्ही तिघं" म्हणाली आणि एकदम गप्प झाली. नऊ वर्षांच्या पोरीला माझ्यापुढे शब्द गिळावा लागतो, हे मला सहन होत नाही, म्हणून हे पत्र. लग्न झालं असेल तर आशीर्वाद, व्हायचं असेल तर लवकर कर. आणि ऑगस्टला या, तिघंही या. लोक दोन दिवस बोलतील, टोनिन तिसऱ्या दिवशी त्याला राकी पाजेल. अंदाजाने सायकल बांधणं मला जमत नाही, हे आता पुरतं कळलंय. एराला अनवाणी भिंतीला टेकवून उभी कर, जांघेपासून टाचेपर्यंत माप घे आणि मला कळव. आणि त्याचंही.

तुझीच,
आई