चौकातला पंक्चरवाला

ता. ४ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. या शहरात पायी भटकायचं म्हणजे जीव मुठीत धरून चालायचं. फुटपाथवर फ्रिजची खोकी, गाद्यांचे ढीग आणि झोपलेली कुत्री; माणसांनी जायचं ते बसच्या चाकांना घासून. काल एका हातगाडीने माझी नडगी सोलली आणि वर गाडीवाल्यानेच माझ्या आईचा उद्धार केला. हे आईला सांगू नका. बसथांब्यावर दोघं रांगेवरून भिडले. एकाचा दात माझ्या चपलेपाशी येऊन पडला, आणि बस येताच दोघंही तिच्यात चढले.

आज त्या मोठ्या चौकात गेलो. कोपऱ्यावर पंक्चरचं दुकान आहे. मालक आडदांड, एका कानाचा तुकडा गेलेला. टायर उचकटायची लोखंडी टॉमी काडीसारखी फिरवतो. बराच वेळ बघत उभा राहिलो. उद्या पुन्हा जाईन.

पुतणीला, म्हणजे आमच्या ठमाबाईंना, पापा. लोभ आहेच, रागवायचं असेल तर पुढच्या पत्री रागवा.

तुमचा धाकटा दीर

ता. ९ फेब्रुवारी

चि. भावजींना अनेक आशीर्वाद.

पत्र मशीनवर बसूनच वाचलं. शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय, तरी सुई थांबवली. भावजी, मला काय दुधखुळी समजता? पायी फिरणाऱ्याचं पंक्चरवाल्याकडे काय काम?

त्याच चौकात ह्यांच्या ट्रकचा स्कूटरला धक्का लागला. स्कूटरवाला उठून कपडे झटकत होता, तरी लोकांनी ह्यांना खाली खेचलं आणि त्या कानतुटक्याने टॉमीने डोकं फोडलं. कोर्टात साक्षीदारांना काही आठवेना, म्हणून तो सुटला. हे तुम्हीच मला येऊन सांगितलंत.

नवरा गेला, आता दिराला तुरुंगात पाठवू? तुमच्या आईला कुठल्या तोंडाने सांगू? हात खिशात घाला आणि मुकाट्याने परत या. लोभ असू द्या, आणि डोकं थंड.

तुमची वहिनी

ता. १७ फेब्रुवारी

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला नावं ठेवू नका. उजवा प्लास्टरमध्ये आहे.

तुमचं पत्र वाचलं आणि तरी गेलो. पिशवीत माझी सुतारकामाची हातोडी होती. दुकानापाशी पोचलो तर त्याने अदबीने विचारलं, काका, गाडी कुठे आहे. हातोडी पिशवीतून निघेचना. वहिनी, मला मारता येईना. मग मी त्याहून हलकट काम केलं. त्याची कॉलर धरली आणि चोर चोर म्हणून ओरडलो.

इथे तेवढं पुरतं. फळवाले, रिक्षावाले, शाळेतून परतणारा एक मास्तर, सगळे तुटून पडले. काय चोरलं ते कुणी विचारलं नाही. त्याचा ओठ फाटला, डोळा मिटला. कुणीतरी त्याचीच टॉमी उचलून गुडघ्यावर घातली, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो आईला हाक मारत होता. दादानेही मारली असेल, असं मनात आलं आणि मी त्याच्या अंगावर आडवा पडलो. पुढचा घाव माझ्या हातावर बसला, बरगड्याही गेल्या. तो वाचला. पलीकडच्याच खाटेवर कण्हतोय.

शुक्रवारी इस्पितळातून सोडतील. आईला म्हणावं, जिन्यावरून पडला. लोभ उरला असेल तर ठेवावा.

तुमचा दीर

ता. २१ फेब्रुवारी

चि. भावजींना आशीर्वाद.

जिन्याची थाप आईंना पटलेली नाही. तुम्ही जिवंत आहात हे वाचून रडले. शिव्या समोर बसवून घालीन, पत्रात मावायच्या नाहीत.

पण एक सांगून टाकते, पोटात ठेवलं तर कुजेल. पत्र वाचताना त्याच्या गुडघ्यापाशी आले आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, हाणा, अजून हाणा. पुढे तुम्ही त्याच्यावर आडवे पडलात, ते वाक्य मला नकोसं झालं. तुमच्या जिवाची धास्ती घेऊन बसलेली मी, मला तुमचाच राग आला.

ठमी शेजारी अभ्यास करत होती. तिने घाबरून विचारलं, आई, कुणाला? तिने उठून माझ्या हातातली कात्री हळूच काढून घेतली.

लवकर घरी या. लोभ आहे, आणि आता स्वतःची भीतीही.

तुमची वहिनी