ओढ्यात बसलेला सेनापती

तीर्थरूप अबीशूर मामांच्या चरणी भाचा याखीनचा दंडवत.

मामा, तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे परमेश्वराच्या दयेने आम्ही सगळे जिवंत आहोत. उभे मात्र फार थोडे.

अमालेकी लुटारूंनी आमचं गाव जाळून बायका आणि शेरडं पळवली, हे तुमच्या कानावर आलंच असेल. (माझी मिल्काही त्यांत होती.) याजकाने देवाला विचारलं. देव म्हणाला, पाठलाग करा. देवाचं काय जातंय, त्याला थोडंच चालायचं होतं! आणि आमचा सेनापती कोण, तर तुमचाच थोरला, एल्यासाफदादा. दादाला युद्धातला एकच हुकूम येतो : चला. वाळू पाय भाजतेय, चला. पखालीत थेंब नाही, चला. लुटारू नक्की कुठे गेलेत, असं मी विचारलं तर म्हणे, "चाललो की कळेल." (हा स्वभाव कोणाकडून आला ते मामी सांगतील.)

ओढ्यापाशी पोचलो आणि निम्मी फौज मटकन खाली बसली. दादा त्यांच्यावर ओरडायला वळला, तोंड उघडलं आणि स्वतःच पाण्यात फतकल मारून बसला. उठायला गेला, उठवेना. मग कोणाकडे न बघता म्हणाला, "ज्यांना होत नाही त्यांनी इथे सामान राखा. त्यात लाज नाही. याखीन, तुझी बायको नेलीय, तू पुढे हो." मामा, वाटभर त्याला मनात शिव्या घालत आलो होतो, पण तेव्हा रडू आलं. पुढून कोणी 'चला' म्हणत नसेल तर पाय उचलतच नाहीत हो! शेवटी मीच म्हणालो.

लुटारू एका खळग्यात आमचीच अंजिरं खाऊन लोळत पडले होते. आम्ही रणगर्जना केली. तोवर घसे पुन्हा इतके सुकलेले, की आजारी बोकडासारखा आवाज निघाला. पण शेरडांनी तो ओळखला आणि एकदम असा गलका केला, की मोठी फौज आली समजून ते सगळी लूट टाकून उंटांवर चढून पळाले. मिल्का कमरेवर हात ठेवून उभी. "एवढा उशीर? तुम्हाला गाठता यावं म्हणून आम्ही दर टेकडीला पाय दुखतात म्हणून बसत होतो!"

परत आल्यावर आमच्यातले काही शूरवीर म्हणाले, जे बसले त्यांना लुटीतलं काही मिळायचं नाही. दादा म्हणाला, "मग मलाही नको. मीही बसलोच होतो." वाटे सारखे झाले.

मामींना नमस्कार.

ता. क. : एक गाढव ताबडतोब पाठवा. दमलेल्या माणसासाठी हवंय.

ता. क. दुसरं : तो दमलेला माणूस मी. पत्र कोण नेणार म्हटल्यावर एकही जण हलेना, तेव्हा दादाच निघाला. त्याला वाचता येत नाही, म्हणून एवढं लिहायचं धाडस केलं. दारात आल्या आल्या 'सेनापती असून बसलास?' असं विचारू नका. भाकर द्या, झोपू द्या. पत्रात काय लिहिलंय असं त्याने विचारलंच, तर तुझी निंदा आहे म्हणा. स्तुती म्हटलंत तर त्याला खरं वाटणार नाही.