चांदणीच्या अंकातला रॉस्को

मी, अर्वेला टिडमोर, वय पंच्याऐंशी, अविवाहित, राहणार गिन स्ट्रीट, क्लेमन्सव्हिल, अलाबामा, हे लिहून ठेवते. माझे गुडघे गेले आहेत, डावा कान गेला आहे, डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा भाचा डेक्स्टर शंका काढील. हे लिहिताना कोणी माझा हात धरलेला नाही की डोळे वटारलेले नाहीत. यापूर्वी केलेली दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिल्यात ज्यांना काही दिले होते ते सगळे माझ्याआधी गेले, आणि दुसरे मी रागाच्या भरात लिहिले होते.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी कॉर्लिस टिडमोर हिने करावी. ही माझा भाऊ रॉस्को याची एकुलती एक मुलगी. ती मला आत्या म्हणते आणि गोळ्या चुकवल्या की माझ्यावर ओरडते. तिच्याइतके नेटाने काम करणारे माणूस आमच्या घराण्यात दुसरे झालेले नाही.

कलम २. राहते घर, मागची जागा, पिकनच्या झाडासह, कॉर्लिसला. बँकेत जे असेल त्यातून माझी मयत करावी आणि उरलेले तिलाच. मयतीत भाषणे तीनच, प्रत्येकी पाच मिनिटे. पाद्रीसाहेबांनाही हा नियम लागू आहे.

कलम ३. धाकट्या बहिणीचा मुलगा डेक्स्टर याला मागच्या खोलीतला फ्रीझर. तो कधी चालतो, कधी चालत नाही. डेक्स्टरचेही तसेच आहे, दोघांचे जमेल. घर विकण्याचा विषय त्याने माझ्यासमोर चार वेळा काढला. पाचव्यांदा कॉर्लिससमोर काढू नये.

कलम ४. चर्चला जाताना घालायच्या अकरा हॅट माउंट नेबो चर्चच्या महिला मंडळाला. चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात, नाहीतर मंडळ फुटेल.

कलम ५. पलंगाखालची पत्र्याची पेटी. तिच्यात वर्तमानपत्रात छापून आलेली माझी सगळी पाने आहेत. त्यांची हकीगत सविस्तर लिहिते, कारण त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही.

'क्लेमन्सव्हिल सेंटिनल' हे आमच्या गावचे दैनिक. १९५४ पासून १९६५ पर्यंत दर गुरुवारी त्यात एक पान आमच्या लोकांचे असे आणि ते मी लिहीत असे. दिवसा मी काळ्या मुलांच्या शाळेत टंकलेखन शिकवी. पानात लग्ने, बाप्तिस्मे, मयती, चर्चची जेवणे असत. आणि मधूनच आमच्या रस्त्याला डांबर का लागत नाही, आमच्या शाळेत पाने फाटलेलीच पुस्तके का येतात, हेही मी घालत असे. संपादक हॅलम व्हिटकोम कधी हरकत घेत नसत. आमच्याकडे येणाऱ्या अंकावर वर्तमानपत्राच्या नावाशेजारी एक लहान चांदणी छापलेली असे. आम्हाला वाटे, ही सर्वांत ताज्या छपाईची खूण. माझी आई डॉ. पेटिग्रू या गोऱ्या डॉक्टरांकडे स्वयंपाकाला होती. ती भेटेल त्याला सांगे, "आमच्याकडे चांदणीचा येतो हो!"

सप्टेंबर १९६३ मध्ये रॉस्को मतदार यादीत नाव घालायला कोर्टात गेला; आमच्या लोकांना तेव्हा ते करू देत नसत. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. कॉर्लिस चार महिन्यांची होती. मंगळवारी त्याला शेरीफच्या पोलिसांनी कोर्टाच्या पायऱ्यांवर पकडले आणि बुधवारी सकाळी तो कोठडीत मेलेला होता. गुरुवारच्या 'सेंटिनल'च्या पहिल्या पानावर चार ओळी आल्या: झोपेत बाकावरून पडून कैद्याचा मृत्यू.

पुढच्या गुरुवारसाठी मी माझ्या पानावर खरे लिहिले. व्हिटकोम यांनी ते दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पोरी, यातला एक शब्द काढणार नाही मी. जसंच्या तसं जाईल." मला त्यांच्या टेबलासमोर रडू कोसळले. त्या रविवारी मी त्यांच्याकडे नारळाचा तीन थरांचा केक नेऊन दिला.

त्यानंतर दोन वर्षे मी गावातला एकेक गोरा चेहरा पाहून मनात म्हणत असे की याने वाचले आहे आणि हा गप्प आहे. मी फार द्वेष केला. तो मला नाकारायचा नाही.

१९६५ च्या उन्हाळ्यात आईचा पाय मोडला, म्हणून तिच्या जागी मी पेटिग्रूंकडे गेले. गुरुवार होता. मासे साफ करायला मी टेबलावर त्याच दिवशीचा 'सेंटिनल' पसरला. त्यात माझे पान नव्हते. त्या जागी कापसाचे भाव आणि शेअरचे भाव होते. नावाशेजारी चांदणी नव्हती. मासे तसेच टाकून मी व्हिटकोमकडे गेले. त्यांनी मुळीच लपवले नाही. म्हणाले, "अगं, तुमच्या लोकांना शेअरचे भाव कशाला हवेत? आणि आमच्यांना तुमच्या मयती कशाला? ज्याला जे लागतं ते त्याला देतो."

म्हणजे चांदणीचा अंक फक्त आमच्या वस्तीपुरता निघत होता, आणि अकरा वर्षे रस्त्याला डांबर नाही हे मी त्यांनाच सांगत होते, जे रोज त्या चिखलातून चालत होते. रॉस्कोला मारले हे मी त्यांनाच कळवले, ज्यांनी त्याला खांदा दिला होता. केकचे ताट मी व्हिटकोमबाईंकडून परत मागून आणले.

दुसऱ्या दिवशी रॉस्कोचे पान मी पेटिग्रूबाईंसमोर धरले. त्यांनी उभ्यानेच वाचले. डोळ्यांत पाणी आले. "अर्वेला, आम्हाला काही कळलंच नाही गं. कोणी सांगितलंच नाही!"

मी म्हटले, "आता कळलं ना, बाईसाहेब?"

त्यांनी पानाची घडी घातली आणि स्वतःच्या हाताने माझ्या पिशवीत ठेवली. "हे घेऊन जा बाई. डॉक्टरांच्या नजरेस पडायला नको. शेरीफचं आमच्याकडे जाणं-येणं आहे."

मी त्यांना जेमतेम पाच मिनिटे माफ केले होते. ती माफी रद्द केली आहे.

कलम ६. माझा मायक्रोफोन शाळेच्या रेडिओ मंडळाला. 'सेंटिनल' सोडल्यावर मी इथल्या भजनांच्या रेडिओ केंद्रावर रोज सकाळी दहाची पंधरा मिनिटे घेतली आणि सत्तावीस वर्षे गावच्या बातम्या वाचल्या. वर्तमानपत्र रेल्वेरुळांच्या आमच्या बाजूला एक आणि गोऱ्यांच्या बाजूला एक असे छापता येते, रेडिओला ते जमत नाही. दहा वाजले की गोऱ्यांच्या घरांतल्या आमच्या स्वयंपाकिणी रेडिओचा आवाज वाढवत. मालकीण आतून ओरडे, "अगं, हळू कर ते!" आणि हिला नेमके तेव्हाच ऐकू येत नसे. दोन बायकांच्या नोकऱ्या गेल्या. नगरपालिकेचे डांबर मात्र तिसऱ्या वर्षी आले. आमच्या रस्त्याचे डांबर मी शब्दांनी आणले, असे मला वाटते. कोणाला हसायचे असल्यास हसावे.

रॉस्कोबद्दल रेडिओवर बोलू नये, अशी केंद्राच्या मालकांची अट होती. मी ती पाळली. नाहीतर पंधरा मिनिटेही गेली असती. कॉर्लिसने मला याबद्दल कधी बोल लावला नाही, आणि तेच मला जड जाते.

कलम ७. 'सेंटिनल'ने आपले सगळे जुने अंक संगणकावर चढवले आहेत. ते बिनचांदणीचे अंक आहेत. चांदणीचे कोणी जपून ठेवले नाहीत. त्यामुळे आज कोणीही शोधले तर माझा भाऊ बाकावरून पडून मरतो. कॉर्लिसच्या नातवाने शाळेच्या कामासाठी शोधले, त्यालाही तेच मिळाले. त्याने तिला विचारले, "पणजोबा झोपेत पडले होते का गं?" तिने त्या दिवशी जेवण केले नाही.

मागच्या वसंतात सध्याच्या संपादक, व्हिटकोम यांची नात एलिस, पेटी मागायला आल्या. बोलायला फार गोड. म्हणाल्या, "मिस अर्वेला, तुमचं काम काचेच्या कपाटात ठेवू. तुमचा मोठा फोटो लावू."

"फोटो नको. रॉस्कोचा मजकूर छाप, पहिल्या पानावर. आणि तुझ्या आजोबांच्या चार ओळी खोट्या होत्या, हे शेजारी छाप."

"पुरवणीत घेऊ ना! फेब्रुवारीत काळ्यांच्या इतिहासाचा महिना असतो, तेव्हा छान दिसेल."

"तो सप्टेंबरात मेला."

त्या हसल्या. नंतर त्यांचे पत्र आले की वकिलांशी बोलून कळवते. अजून कळवलेले नाही.

तरी पेटी 'सेंटिनल'लाच देते, पण अट हीच: पहिले पान, प्रत्येक प्रत, माझ्या मरणानंतर साठ दिवसांच्या आत. न छापल्यास पेटी कॉर्लिसची. काचेच्या कपाटात ठेवायला कोणी ती मागितल्यास तिने देऊ नये.

कलम ८. माझे वकील म्हणाले, "मिस अर्वेला, मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते."

मी म्हटले, "ही माझीच आहे."

त्यांनीच मला सांगितले होते की मृत्युपत्र काउंटीच्या न्यायालयात दाखल झाले की ते कोणालाही मागून वाचता येते, गोऱ्याला आणि काळ्याला एकच प्रत. म्हणून कोणाच्या मर्जीची वाट न पाहता १९ सप्टेंबर १९६३ चा मजकूर इथेच लिहिते:

"रॉस्को टिडमोर बाकावरून पडला, असे शेरीफ म्हणतात. बाक गुडघ्याइतका उंच आहे. आम्ही त्याला आंघोळ घातली. त्याची दहाही बोटे मोडलेली होती. बाकावरून पडणाऱ्याची दहा बोटे मोडत नाहीत."

छापले होते ते एवढेच. त्यात जे मी गाळले ते आज घालते.

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता मी त्याचे जेवण घेऊन तुरुंगाच्या दारात उभी होते. दारात शेरीफचे दोन नंबरचे अधिकारी कार्ल डनअवे होते. आतून रॉस्कोने माझा आवाज ओळखला आणि हाक मारली, "वेला, जाऊ नकोस." तेव्हा त्याचा आवाज धड होता. डनअवे म्हणाले, "डबा ठेव आणि घरी जा." त्यांनी बाह्या वर सारल्या होत्या. मी डबा ठेवला आणि घरी गेले.

डनअवेंचे नाव मी भीतीने गाळले. माझे नाव लाजेने गाळले. दोन्ही आता कोर्टाच्या दप्तरात राहतील. कॉर्लिस, तुला हे मी तोंडाने सांगू शकले नाही. तुझा बाप मला थांब म्हणत होता.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि पुढील दोघांच्या देखत सही केली.

(सही) अर्वेला टिडमोर

साक्षीदार: थॅडियस ओग्ल्झबी, डीकन, माउंट नेबो चर्च. सगळे वाचून सही केली आहे.
साक्षीदार: लोरीन गॅफनी, निवृत्त स्वयंपाकीण. मला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून मोठ्याने वाचून घेतले. कलम आठ दोनदा.

क्लेमन्सव्हिल, अलाबामा. १४ ऑक्टोबर २०१९.