चौथं तसराळं

मकाय, जूनचा शेवटचा सोमवार

नादूरच्या घराची थोरली, माझी विटोरिन ताई हिला धाकट्या चेत्ताचा वाकून नमस्कार. (वाकले ते मनातल्या मनात. खरोखर वाकले तर उठवायला साल्वूला बोलवावं लागतं, आणि तो आधी पोटभर हसून घेतो.) तुझे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदू काढल्यावर सकाळी बाहेर जाताना काळा चष्मा लावतेस ना, का देव बघतोय म्हणून नुसतीच जातेस? तुझी शेळी व्यायली का? तुझ्या नाझारेनूचा खोकला कसा आहे? हे पत्र तोच तुला जेवताना मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणून त्याला आधीच सांगते, बाळा, तोंडात घास घेऊन वाचू नकोस, मागच्या वेळी अर्धं पत्र तू गिळलंस असं ताई फोनवर म्हणाली.

इकडे सगळं क्षेम आहे. उसाचं गाळप सुरू झालं. कारखान्याचा गोड वास गावभर सुटला, की साल्वू पायरीवर उभा राहून नाक वर करतो. शेत विकून नऊ वर्षं झाली तरी अजून वास घेऊन सांगतो, यंदा रसात पाणी जास्त आहे. मी म्हणते, तुझ्या बापाचा कारखाना आहे का? तर म्हणतो, बापाचा नाही, पण पाठ माझी मोडली ना त्यात.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे समुद्र मोठा झाला. हसू नकोस. साल्वूची ती काचेची पेटी तुला फोटोत दिसली होती, खाऱ्या पाण्याची, मासेवाली. ती तीन फुटी होती. आता सहा फुटी आली. शेजारचा कॉलिन (चांगला माणूस, फक्त चड्डी फार आखूड घालतो) मासेवाल्यांच्या मंडळात आहे, त्याच्या ओळखीचं कुणीतरी गाव सोडून गेलं आणि ती पेटी आमच्या गळ्यात पडली. मी म्हटलं, वरच्या मजल्यावर नाही हं ठेवायची! आमचं घर लाकडी खांबांवर, त्यात एवढं पाणी म्हणजे सकाळी आम्ही दोघं पलंगासकट खाली. शेवटी घराखाली, माझ्या खालच्या स्वयंपाकघरात, टोमॅटोचा रस्सा करायच्या चुलीशेजारी जागा दिली. माझी जागा गेली, पण म्हटलं असू दे, शेत गेल्यापासून त्याला सकाळी उठून कशाला तरी पाणी घालायचं असतं.

तुला वाटेल, पाणी इकडचं तिकडे ओतलं, मासे टाकले, झालं. मलाही तसंच वाटलं होतं. मी तर त्या तळातली वाळू धुवायला नळाखाली न्यायलाच निघाले होते, इतकी काळी मिचकूट! साल्वू असा ओरडला, जसं काही मी नातवंडाला विहिरीत टाकतेय. ‘चेत्ता, ती जिवंत आहे!’ मी म्हटलं, काय जिवंत आहे? तर म्हणे वाळू. प्रत्येक कणाला म्हणे जंतू चिकटलेले असतात, डोळ्यांना न दिसणारे, ते माशांची घाण खातात आणि पाणी निर्मळ ठेवतात. नळाखाली धरली की मेली. सुकली की मेली. उन्हात राहिली की मेली. वरची बोटभर वाळू जपून उचलायची, त्याच खाऱ्या पाण्यात भिजत ठेवायची, नवीन पेटीत नव्या वाळूवर अंथरायची, मग हळूहळू सगळी नवी वाळू जिवंत होते. तळातली काळी, कुजक्या अंड्याच्या वासाची, ती मात्र फेकायची. (फेकताना त्याचा जीव तुटत होता. शेतकरी ना! मूठभर हातात घेऊन हुंगली सुद्धा. कॉलिन म्हणाला, काका, ही माती नाही हो, विष आहे.)

एवढं सगळं ऐकून मी कमरेवर हात ठेवले. म्हटलं, अरे मेल्या, हे तू मला शिकवतोस? हे तर आपलं खमीर! जुन्या कणकेचा गोळा ठेवायचा, त्याच्यावर ओलं फडकं, सुकू द्यायचा नाही, नव्या पिठात मिसळायचा, की सगळं पीठ जागं होतं. ताई, तुला आठवतं ना, मी इकडे परदेशी यायला बोटीत बसले तेव्हा आईने खमीर फडक्यावर पातळ सारवून, वाळवून, त्याचे पापुद्रे माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात घातले होते. अजून त्या पानाला आंबूस वास येतो. एकोणसाठ वर्षं मी ते खमीर जिवंत ठेवलं. दोन वादळं झाली, एक पूर झाला, तीन बाळंतपणं झाली, प्रत्येक वेळी खमिराचं भांडं आधी सांभाळलं आणि मग बाकीचं. साल्वू म्हणाला, बरं बाई, तू तर जन्मजात वाळूवाली निघालीस. त्याच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे आमच्या लग्नानंतरचं दुसरं.

पण खरी काळजी वाळूची नव्हती, वाळूत राहणाऱ्या दोघांची होती. एक आहे पिवळा मासा, बोटाएवढा, फुगीर डोळ्यांचा. दुसरी टिचकी वाजवणारी कोळंबी. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती दिवसभर बिळातली वाळू उपसते आणि मासा दारात बसून पहारा देतो. कोळंबीची एक मिशी सतत माशाच्या शेपटीवर. माशाने शेपूट हलवली, की दोघंही आत. साल्वूने त्यांची नावं आपल्या गावच्या घंटावाल्या आंधळ्या बर्टूवरून आणि त्याच्या रोझीवरून ठेवलीत. कोळंबी म्हणजे बर्टू, मासा म्हणजे रोझी. (तुला आठवतं, रोझी त्याला घंटेच्या दोरीपर्यंत न्यायची आणि वाटेत सगळ्या गावाची निंदा ऐकवायची?) कॉलिन म्हणाला होता, हलवाहलवीत कोळंबी वाळूखाली चिरडते नाहीतर घाबरून मरते, आणि एकदा जोडी तुटली की मासाही फार टिकत नाही. साल्वू दोन रात्री झोपला नाही.

या महिन्याच्या पहिल्या शनिवारी काम झालं. माझी निळ्या काठाची इनॅमलची चार तसराळी, लग्नातली, त्यांतली तीन त्याने वाळूला घेतली. मी म्हटलं, घे बाबा, लग्न तुझंही होतं. तिन्हींवर ओलं फडकं, सावलीत, फरशीवर रांगेने. रोझी आणि बर्टू वेगवेगळ्या बादल्यांत, हवेच्या नळीसकट. बर्टूच्या बादलीतून अशी टिचकी वाजे, की कॉलिनचा कुत्रा दरवेळी भुंकायचा. संध्याकाळपर्यंत पेटी भरली, वाळू अंथरली, दोघांना सोडलं. पाणी दुधासारखं पांढरं. कॉलिन म्हणाला, दोन दिवस गढूळ राहणारच, हात लावू नका. आम्ही आनंदाने वर जाऊन सशाचा रस्सा खाल्ला.

आता ऐक, तुझ्या बहिणीचा पराक्रम. रविवारी पहाटे चर्चला जायच्या आधी पाव मळायला खाली आले. फडकं उचललं, हात घातला, आणि हाताला लागली वाळू. शिंपल्यांसकट! वर एक किडा बोटावर चढला. मी अशी किंचाळले, की कॉलिन आखूड चड्डीतच कुंपण ओलांडून आला. माझं खमीर कुठे? माझं खमीर होतं पेटीत! कारण शनिवारी घाईघाईत, चष्मा न लावता, मीच शेवटचं तसराळं म्हणून खमिराचं तसराळं पेटीत उपडं केलं होतं. चौथं तसराळं ते. तेही ओल्या फडक्याखाली, त्याच रांगेच्या टोकाला, थंडाव्याला ठेवलेलं.

ताई, ते समुद्राच्या तळाशी पसरून चांगलं फुगलं होतं! बुडबुडे सोडत होतं! पाणी ताकासारखं झालेलं, रोझी वरती तोंड काढून धापा टाकत होती, आणि बर्टूचा पत्ता नाही. मग काय, नळ्या लावल्या, अर्धं पाणी उपसलं, कॉलिनने बंदरावरून पिंपं भरभरून समुद्राचं पाणी आणलं, साल्वूने माझ्या रस्स्याच्या डावाने खमीर उपसलं. उपसता उपसता मला इतकं बोलला, इतकं बोलला! मी सगळं ऐकून घेतलं. चर्च बुडालं. पाद्रीबाबांना सांगितलं, समुद्र आंबला म्हणून आले नाही. त्यांनी माझं कपाळ चाचपून बघितलं.

रोझी वाचली. पण बर्टू नऊ दिवस नाही. रोझी वाळूवर एका जागी बसून राहायची, बीळ नाही, काही नाही, नुसती उघड्यावर. साल्वू तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचा. जेवायला हाक मारली तर, ‘तू जेव’. मला वाटलं, आता पेटी विकायला काढतो हा. दहाव्या दिवशी मी त्याच्यासाठी मुद्दाम ताटली खाली नेली. नुसता चमचा उचलला असेल, तेवढ्यात टिच्! साल्वू म्हणाला, तुझे दात वाजले का? मी म्हटलं, माझे दात वरती पेल्यात आहेत. पुन्हा टिच्! खडकाखाली नवं कोरं बीळ, दारात रोझी, आणि तिच्या शेपटीवर ती मिशी. मी एक एक सांगत होते आणि साल्वू सारखा विचारत होता, मिशी शेपटीवर आहे ना? नक्की आहे ना? मी म्हटलं आहे रे बाबा, आहे. मग तो दोन ताटल्या जेवला.

आता गढूळपणा गेला, नवी वाळू जिवंत झाली. साल्वू आपल्या लोकांच्या क्लबात सगळ्यांना सांगत फिरतो, माझ्या बायकोने समुद्राचा पाव करायला घेतला होता. बायका मला विचारतात, चेत्ता, ओव्हनमध्ये मावेल का? मी पण हसते. नातवंडांनी तर वाढदिवसाला मला मापाचं भांडं दिलं, त्यावर चिकटपट्टीवर लिहिलं, ‘फक्त पीठ’. एकूण आनंद आहे. तू तब्येतीला जप. सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी,
चेत्ता

ता. क. खमिराचा कणही उरला नाही. दुकानातल्या पुडीने पाव करते, फुगतो, पण चव कोरड्या स्पंजाची. माझ्या खमिराची सख्खी बहीण, आईचंच खमीर, तुझ्याकडे आहे. तुझी नणंद ऑगस्टमध्ये इकडे येणार आहे ना? तिच्याजवळ थोडं फडक्यावर वाळवून पाठव. विमानतळावर विचारलं तर खरं सांगायचं, पीठ आहे. न विचारता आधीच सांगायचं. इकडचे लोक फार कडक आहेत, पण खरं बोलणाऱ्याला चहा पाजतात म्हणे. त्यांनी काढून घेतलं तर माझं नशीब.

ता. क. दुसरं. (हे वेगळ्या कागदावर आहे, संताच्या चित्रामागे घडी घालून. हे नाझारेनूला वाचायला देऊ नकोस, तो दर रविवारी साल्वूशी बोलतो आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. भिंग घे आणि तूच वाच.) ताई, ते तसराळं मी ओतलं नाही. मी शनिवारी दुपारी चर्चमध्ये वेदीची कापडं इस्त्री करत होते. कॉलिन पाण्याला गेला होता. साल्वू एकटाच होता. त्याला आता माझं तोंडही नीट दिसत नाही. पेटीतल्या पाण्याच्या मिठाचं माप दोन वर्षं मीच वाचते आणि तो म्हणतो, हल्ली आकडे बारीक छापतात. चहा कपाशेजारी ओततो आणि म्हणतो, कप हलला. त्या पहाटे माझ्या हाताला वाळू लागली तेव्हाच मला सगळं कळलं. तो जिना उतरून आला, आणि त्याने काही विचारायच्या आत मीच ओरडून सांगितलं, मी ओतलं रे, चष्मा नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणजे मी जिथे होते त्याच्या जरा डावीकडे बघितलं. मग मला शिव्या द्यायला लागला, आणि मला इतकं बरं वाटलं!

ता. क. तिसरं. (याच कागदावर.) काल आपणहून म्हणाला, चेत्ता, त्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेऊन टाक, नाहीतर तू डोकं खाशील. मी त्या डॉक्टरचं नावही काढलं नव्हतं. त्याला माहीत आहे की नाही, मी विचारणार नाही. तू खमीर पाठव. या वेळी मी लाल भांडं घेतलंय. भडक लाल, झाकणाचं.