वाटेत काही झालं तर

आये, आम्ही गाडी घेऊन कन्याकुमारीला निघालो आहोत. टूरवाला नाही, बस नाही, आपली आपली गाडी. मी, आमचे हे आणि तुझी धाकटी बहीण. तिघांत मीच सगळ्यात तरणी, एकसष्टीची! ह्यांची सगळी नोकरी एसटीचं स्टेअरिंग फिरवण्यात गेली. आता म्हणतात, मला एकदा तरी असं चालवू दे की मनाला येईल तिथं थांबता येईल. मी सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स, म्हणून सगळी तयारी माझ्या गळ्यात. दर दोन तासांनी थांबायचं, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा, खोली तळमजल्यावरचीच घ्यायची आणि संडास कमोडचाच बघायचा, कारण मावशीचे गुडघे कामातून गेलेत. ह्यांच्या इन्सुलिनला थंड थर्मास, मावशीला बीपीच्या गोळ्या, आणि कुठल्या गावात दवाखाना आहे ते आधीच विचारून ठेवलेलं. लेक फोनवर हसली. म्हणाली, आई, तू सहलीला चाललीस का वॉर्ड हलवतेस?

तर आये, एक प्रश्न राहिला होता. म्हाताऱ्या माणसांना घेऊन लांब जायचं तर तो विचारावाच लागतो. दवाखान्यात इतकी वर्षं मी तो नातेवाइकांना विचारलाय, त्यामुळे मला त्यात काही वाटत नाही. मावशी जामखेडला तिच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. मी म्हटलं, "मावशे, राग धरू नको. वाटेत काही झालं तर तुला घरी आणायचं, का तिथंच?" हे माझ्यावर खेकसले, "अगं, निघायच्या आधी काय अभद्र बोलतीस!" मावशीचा हात थांबलासुद्धा नाही. शेंग फोडत म्हणाली, "तिथंच उरका की. मढ्याला कशाला हिंडवता? तुझ्या आयचं न्हाई का कोल्हारला उरकलं?"

मी हसले, आये. खरंच हसले. म्हटलं, हिचं वय झालं, काहीतरी घोटाळा करतेय. "कोल्हारला काय उरकलं?" तर म्हणाली, "आगीन दिली की. पुलाच्या खालच्या अंगाला, परवरेच्या काठी. टोळीतली समदी हुती. मी बी हुते." आणि मग माझं तोंड बघून तिच्या हातातली शेंग खाली पडली. "म्हंजी तुला ठावं न्हाई?"

मला काय ठाऊक होतं ते तुला सांगते. आप्पा ऊसतोडीचा हंगाम संपवून परत आले, मला आत्याच्या घरून शेतावर नेलं, बांधावर लिंबाखाली एक शेंदूर लावलेला दगड दाखवला आणि म्हणाले, "तुझी आय हितं हाय." मी आठ वर्षांची. त्या दिवसापासून दर अविधवा नवमीला मी तिथं पुरणपोळी ठेवली, हिरव्या बांगड्या ठेवल्या. माझ्या लग्नाची पहिली अक्षत तिथं वाहिली. बाळंतपणानंतर लेकीला घेऊन आधी तिथं गेले, म्हटलं आये, बघ, तुझ्यासारखी आहे. त्या दगडाखाली काय होतं? माती! नुसती माती होती, आये.

मी ह्यांच्याकडं बघितलं तर हे चपलेकडं बघत होते. ह्यांनाही माहीत! आप्पांनी लग्नातच सांगितलेलं. "मला वाटलं तुला ठावं हाय, दुखतं म्हनून बोलत न्हाईस." आत्याला माहीत, चुलत्यांना माहीत, सगळ्या गावाला माहीत. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कोणीतरी सांगितलं असेल. मावशी म्हणाली, "बैलगाडीची वाट, पाच-सहा मुक्काम. मढं कसं आननार? आन् माघारी आल्यावर तू आय कुठंय, आय कुठंय म्हनून आप्पाचं धोतर सोडीना. मग त्यानं दगड मांडला. त्याला तरी काय सुचनार हुतं, बाई?"

मला काही ऐकायचं नव्हतं. मी ओरडले, आये, त्या बाईवर, जिनं मला तुझ्या माघारी न्हाऊ घातलं. आप्पांना तर वाटेल तशा शिव्या दिल्या, मेलेल्या माणसाला. सहल रद्द म्हणून सांगितलं आणि घरी येऊन दार लावून बसले. डोळ्यांपुढं सारखी तू निघाल्याची ती पहाट. बैलगाडीत भांड्यांच्या मागं मी लपून बसलेय, तू मला दंडाला धरून ओढून काढतेस, थोबाडीत देतेस, "तू शाळंत जायाचं, कोयता बघायचा न्हाई," आणि मग चुलीवरची गरम भाकरी गुळासकट हातात कोंबतेस. भाकरी हाताला चटका देतेय. मी वर बघते, तर तिथं तुझा चेहराच नाही. कितीही ताण दिला तरी येत नाही.

चार-आठ दिवसांनी मावशी रिक्षा करून दारात, पिशवी घेऊन. पायरी चढताना दोनदा थांबली. म्हणाली, "तुला यायचं नसंल तर नको यिऊ कन्याकुमारीला. पर कोल्हारला चल. तिथं हुती त्यातली मीच एक राहिले. मी गेल्यावर तुला कोन दावनार?" गाडी दक्षिणेला न्यायची ती आधी उत्तरेला नेली. एसटीच्या माणसाला उलटा रूट म्हणजे जिवावर येतं, पण ह्यांनी लगेच गाडी काढली.

सकाळच्या उन्हात कोल्हारला पोचलो. मावशी माझ्या दंडाला धरून एकेक पायरी उतरली आणि काठ न्याहाळायला लागली. "ह्यो घाट नव्हता तवा." थोडं खाली गेली. "हितं बाभूळ हुती." परत वर आली. "का पल्याड?" नदीनं कूस बदललेली, वाळू उपसलेली, सगळं नवं. तिला काही म्हणता काही ओळखू येईना. ऊसतोडीच्या बाया कपडे धूत होत्या. त्यातली एक, असेल पंचवीस-सव्वीसची, म्हणाली, "आजी, काय हुडकताय?" मावशी म्हणाली, "हिची आय." त्या पोरीनं माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं आणि कपडा आपटायची थांबली.

मग मावशी तिथंच ओल्यात बसली आणि हमसून रडायला लागली. "मी इसरले गं. अक्काची जागा इसरले. म्या काय तोंड दावू तिला?" ओठ निळसर पडायला लागले, नाडी धावत होती. आणि आये, मी काय केलं माहीत आहे? पाण्याच्या कडेला चार दगड पडलेत तिथं गेले, हात जोडले आणि खड्या आवाजात म्हणाले, "मावशे, हीच जागा. मला कळलं. आय हितंच हाय." तिनं डोळे पुसले. "व्हय?" म्हटलं, "व्हय." तिनं कपाळ टेकवलं, शांत झाली, गाडीत बसल्या बसल्या तिला झोप लागली.

आता नगरच्या पुढं सोलापूर रस्त्याला चहाला थांबलोय. हे टायर बघतायत, मावशी बिस्किट बुडवून खातेय. हे लिहिलेलं मी कोणालाच दाखवणार नाही, तिला तर मुळीच नाही. मला तिथं काही कळलं नव्हतं, आये. तो आपला कुठलाही काठ होता.