बाकावरचा स्ट्रायकर

कोझिकोड

बाबा, तुमच्या आन आईच्या पायावर डोकं ठेवून लिहून राहिली.

मी मजेत आहे. भाताची सवय झाली. आपल्या बगीच्यात आंबिया बहाराच्या संत्र्याची गळ थांबली काय?

रविवारी इथल्या फुटबॉल क्लबची फायनल आहे. मेन स्ट्रायकरचा गुडघा सुजला, म्हणून होस्टेलच्या मेसमध्ये रोज भांडणं. सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडली, "पट्टी बांधा आन उतरवा त्याले! आमच्या पांढुर्ण्यात गोटमारीत नदीतल्या झेंड्यासाठी दगडं झेलताना डोकं फुटलं तरी चंडीमातेची भभूत लावून माणूस परत नदीत उतरते."

मेसवाल्या अम्मांनी विचारलं, "असं कोण उतरते?"

"माझे बाबा," म्हटलं, आन ताट तसंच ठेवून उठली. मागच्या गोटमारीत लागलेला तुमचा खांदा आता वर उठते काय? फोनवर विचारलं की आई पाऊसपाण्याचंच सांगते.

काल कोचनं स्ट्रायकरले बाकावर बसवलं. मले रागच नाही आला. त्याच्या जागी खेळणाराही तेज आहे, जिंकू आम्ही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीले, तुम्हीही आईजवळ काठावर बसजा. पाहिजे तेवढं ओरडजा. झेंडा तिथूनही दिसते, बाबा.

तुमची,
प्रणाली